‘पेनकिलर अ‍ॅलर्जी’ एवढंच लिहून सोडू नका : कोल्हापूरच्या बालरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व बालरोगतज्ज्ञ डॉक्टर

विषय : मुलांच्या फाईलवर लिहिली जाणारी ‘पेनकिलर अ‍ॅलर्जी’ आणि ती पडताळून पाहण्याची सोय

सन्माननीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

मी मंगळवार पेठेत औषधांचं दुकान चालवतो. शिक्षण बी. फार्म. डॉक्टर नाही, त्यामुळे निदानाच्या कामात नाक खुपसायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तुमच्या चिठ्ठीचं पुढे काय होतं हे तुमच्यापेक्षा मला जास्त दिसतं. दवाखान्यात बंद झालेली फाईल आमच्या काउंटरवर पुन्हा उघडते, आणि त्या फाईलवरच्या एका ओळीबद्दल मला बोलायचं आहे.

‘पेनकिलर अ‍ॅलर्जी.’ बहुतेक वेळा लाल पेनने, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात. खाली औषधाचं नाव नाही, काय झालं होतं ते नाही, किती वेळाने झालं ते तर नाहीच. मूल तीन-चार वर्षांचं असताना लिहिलेली ही ओळ ते दहावीला गेलं तरी तशीच राहते. दवाखाना बदलला की नव्या फाईलवर तिची नक्कल उतरते. ती खरी होती का, हे कुणी पाहत नाही.

माझी मागणी एकच आहे. तापाच्या किंवा दुखण्याच्या औषधानंतर ज्या मुलाला पित्त उठलं, डोळे-ओठ सुजले, त्याच्यावर शिक्का मारून थांबू नका. तो शिक्का पक्का करा, नाहीतर पुसा. त्यासाठी लागणारी तपासणी कोल्हापुरात, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी होईल एवढं बघा.

आता हे एवढं का लावून धरलंय ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात राधानगरीकडची एक बाई लेकीला घेऊन दुकानात आली. पोरगी सातवी-आठवीतली, पोट धरून बाकड्यावर बसलेली. ‘दादा, पाळी आलीया, लई दुखायलंय तिला. कायतरी द्या, पण पेनकिलर चालत न्हाई हिला.’ प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाईल काढली, वर तीच लाल ओळ. विचारलं, काय झालतं तेव्हा? ‘तापात दिलतं औषध. सकाळी उठली तर डोळं सुजून हे एवढं. अंगावर पित्त.’ औषध कुठलं? ‘गुलाबी बाटली हुती बघा.’ आणि सोबत अजून काही? ‘अँटिबायोटिक हुतं की. सर्दीचं बी हुतं.’

म्हणजे संशयित किती झाले बघा. गुलाबी बाटली आयबुप्रोफेनची असेल, मेफेनामिक अ‍ॅसिडची असेल, पॅरासिटामॉलचीही असेल. सिरपच्या रंगावरून औषध ओळखायला मी काही ज्योतिषी नव्हे. अँटिबायोटिक वेगळं, सर्दीचं वेगळं. आणि ज्याचं नाव कुणीच घेत नाही तो चौथा, म्हणजे खुद्द ताप. लहान मुलांना अचानक उठणाऱ्या पित्तामागे सगळ्यात जास्त वेळा विषाणूचा संसर्गच असतो, हे तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला नाही. ताप आला म्हणून औषध दिलं, तापामुळेच पित्त उठलं आणि नाव औषधाचं खराब झालं, असं किती फायलींत घडलं असेल? आणि रात्री घेतलेल्या औषधाने सकाळी डोळे सुजले, तर मधल्या तासांचं काय? या औषधांचा असा त्रास बहुतेक वेळा तासा-दोन तासांत, फार तर पाच-सहा तासांत दिसतो.

त्या मुलीला मेफेनामिक अ‍ॅसिड मी चिठ्ठीशिवाय देणार नव्हतोच, ते शेड्यूल एच मधलं औषध आहे. पॅरासिटामॉल आधी सोसलंय याची खात्री करून तेवढं दिलं, शेकायला सांगितलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. पण तिला ही पाळी पुढची तीसेक वर्षं येणार आहे. साडेतीन वर्षांची असताना कुणीतरी घाईत ओढलेल्या एका लाल ओळीपायी तिने दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडवायची का?

‘पेनकिलर’ हा शब्द एवढ्या मोठ्या गोतावळ्याला लावला जातो की त्याने काहीच कळत नाही. तरी गोतावळ्याची गंमत अशी, की एका अर्थी तो खरोखर एक आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनामिक अ‍ॅसिड, नॅप्रोक्सेन, अ‍ॅस्पिरिन यांची रासायनिक घडण वेगवेगळी, पण काम एकच : सायक्लोऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम रोखणं. हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. एन्झाइम रोखलं की प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे ताप-दुखणं आणणारं रसायन, बनणं कमी होतं, ताप उतरतो, दुखणं थांबतं. पण काहींच्या शरीरात हा तोल बिघडलेलाच असतो. उसाला पाणी पाजताना पाटाचं एक दार बंद केलं की पाणी दुसऱ्या सरीत घुसतं, तसा तिथे सगळा लोंढा ल्युकोट्राइन नावाच्या, सूज आणणाऱ्या रसायनांच्या बाजूला वळतो. मग पित्त, सूज, नाक गळणं, धाप.

दमा, नाकातले कोंब (पॉलिप) आणि अ‍ॅस्पिरिनचा त्रास हे तिन्ही एका माणसात एकत्र दिसतात, हे फ्रान्समध्ये डॉक्टर विडाल यांनी १९२२ सालीच लिहून ठेवलं होतं. का होतं, ते कळायला अर्धशतक गेलं. पोलंडमधल्या क्राकोव्हच्या श्चेक्लिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं की या रुग्णांना जी औषधं एन्झाइम जोरात रोखतात ती सगळी बाधतात, जी नीट रोखत नाहीत ती बाधत नाहीत. इथे प्रतिपिंडांचा (अँटिबॉडीजचा) संबंध नाही. म्हणून या मुलांना एक औषध बाधलं तर त्याच जोराची बाकीचीही बाधणार.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट. मुलाला एकच औषध बाधतं, उदाहरणार्थ फक्त आयबुप्रोफेन, किंवा ते आणि त्याचं रासायनिक भावंड नॅप्रोक्सेन. ही प्रतिकारशक्तीची खरी अ‍ॅलर्जी, कधी कधी फार जोराची. पण या मुलाला डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन बिनघोर चालू शकतं.

पहिल्या प्रकारच्या मुलाला पूर्ण गोतावळा टाळायला सांगायचा आणि दुसऱ्या प्रकारच्या मुलाला एकच नाव. फाईलवरची लाल ओळ मात्र दोघांना सारखीच. आणि ज्या तिसऱ्याला काहीच झालेलं नव्हतं, त्यालाही तीच.

आईवडील साहजिकच विचारतात, रक्ताची तपासणी करून कळत नाही का? पॅथॉलॉजीचे मोठमोठे ‘ड्रग अ‍ॅलर्जी पॅनेल’ त्यांच्या हातात पडतात. दहा-वीस औषधांची नावं, पुढे आकडे, काही लाल, काही हिरवे. असा अहवाल घेऊन येणारे बाप मला काउंटरवर भेटतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव असतो, की चला, एकदाचं कळलं. पण ज्या त्रासात प्रतिपिंडांचा हात नाही, तो प्रतिपिंड मोजून सापडणार कसा? आणि ज्या प्रकारात हात असू शकतो, तिथेही या औषधांसाठी रक्ताची भरवशाची तपासणी नाही. त्वचेवर टोचून पाहायच्या चाचणीचंही जवळपास तेच. पेनिसिलीनला ती उपयोगी पडते, इथे फार थोड्या ठिकाणी. ही पॅनेल लिहून देऊ नका, आणि कुणी स्वतःहून करून आणली तर त्यावरून शिक्का मारू नका, ही माझी हात जोडून विनंती. पैसे जातात ते जातात, वर खोटी खात्री घरी येते.

मग उरतं काय? दोन गोष्टी. नीट विचारणं आणि नीट देऊन बघणं.

विचारण्यात सगळ्यात कामाचा प्रश्न मला एका आजीमुळे उमगला. नातवाची चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, ‘त्याला आयबुप्रोफेन चालत नाही हो, डॉक्टरांनी लिहून दिलंय. म्हणून आम्ही त्याला कॉम्बिफ्लामच देतो.’ कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनच असतं! म्हणजे ज्या चाचणीसाठी मी हे पत्र लिहितोय, ती त्या घरात नकळत कितीदा तरी होऊन गेली होती आणि पोरगं त्यात दर वेळी पास झालं होतं. तेव्हा ‘त्या त्रासानंतर पुन्हा कधी या जातीचं औषध पोटात गेलं का’, हा प्रश्न ब्रँडची नावं घेऊन, जमल्यास रिकाम्या बाटल्या-पाकिटं समोर ठेवून विचारा. घटकाचं नाव विचारलं तर आईबापाला सांगता येणार नाही. आमच्याकडे जुन्या बिलांचा हिशेब असतो. डॉक्टरांचा फोन आला तर मी तरी शोधून देईन, आणि माझ्यासारखे आणखी निघतील.

बाकीचे प्रश्न तुम्हाला माहीतच आहेत : औषध दिल्यावर किती वेळाने, आधी ते कधी सोसलं होतं का, तेव्हा ताप होता का, मूल खेळून आलं होतं का, सोबत काय दिलं होतं. लहान मुलांत फक्त दोन्ही पापण्या सुजणं हे या औषधांच्या त्रासाचं नेहमीचं रूप आहे, विशेषतः ज्यांना धुळीची अ‍ॅलर्जी, सर्दी, दमा आहे त्यांच्यात. या वेळी मोबाईलवर काढलेला फोटो सोन्यासारखा. हल्ली आया फोटो काढतातच, तो फाईलला लावायला फक्त सांगायला हवं.

काही ‘अ‍ॅलर्जी’ तर मुळात अ‍ॅलर्जी नसतातच. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू येतो. डेंग्यूच्या संशयात रक्तस्रावाच्या भीतीने आयबुप्रोफेन, मेफेनामिक अ‍ॅसिड नको, फक्त पॅरासिटामॉल, असं तुम्ही सांगता आणि बरोबरच सांगता. आठवड्यात पोरगं बरं होतं, पण घरात ‘डॉक्टरांनी त्याला पेनकिलर नको म्हटलंय’ हे वाक्य कायमचं राहतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या दवाखान्यात हेच वाक्य अ‍ॅलर्जी म्हणून नोंदलं जातं. उपाशीपोटी औषध दिल्याने झालेली उलटी आणि पोटातली जळजळ यांचंही तसंच होतं.

आता देऊन बघण्याबद्दल. इथे आईवडिलांसाठी मोठ्या आवाजात सांगतो : हे घरी करायचं काम नाही. ‘थोडंसं चाटवून बघू’ हा उद्योग जिवावर बेतू शकतो. ही चाचणी दवाखान्यातच, डॉक्टर-नर्स समोर, अ‍ॅड्रिनालिन (जोराच्या अ‍ॅलर्जीत जीव वाचवणारं इंजेक्शन) हाताशी ठेवून, मूल तापात नसताना आणि दमा आटोक्यात असताना करायची असते. आधीच्या त्रासानंतर निदान महिनाभर जाऊ द्यायचा, अंगावर पित्त उठल्यावर देतात त्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवायच्या, नाहीतर त्या खरा त्रास झाकून टाकतात.

पद्धत काही अगम्य नाही. २० किलोचं मूल धरा. किलोमागे १० मिलिग्रॅम या हिशेबाने आयबुप्रोफेनचा पूर्ण डोस २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति ५ मिलिलिटरच्या सिरपचे १० मिलिलिटर. सुरुवात १ मिलिलिटरने करायची, थांबायचं, त्वचा-श्वास-नाडी बघायची, मग वाढवत न्यायचं, आणि पूर्ण डोस गेल्यावर काही तास मुलाला नजरेखाली ठेवायचं. यात महाग मशीन लागत नाही. बाटली दोन आकडी रुपयांची. लागतो तो एक रिकामा पलंग, एक शिकलेली नर्स आणि तुमचा अर्धा दिवस.

चाचणीत काहीच झालं नाही तर लाल ओळ खोडायची आणि खोडल्याची सही-तारीख करायची. झालं, तर वेगळ्या दिवशी दुसऱ्या जातीचं औषध, बऱ्याचदा अ‍ॅस्पिरिन, देखरेखीखाली देऊन बघतात. ते सोसलं तर मुलाला एकच औषध बाधतं. तेही बाधलं तर गोतावळा. अ‍ॅस्पिरिन म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडणार हे जाणतो. फ्लू किंवा कांजिण्यांत मुलांना ते दिल्याने रे सिंड्रोमचा (मेंदू आणि यकृतावर घाला घालणाऱ्या आजाराचा) धोका असतो, म्हणूनच ते मूल ठणठणीत असताना द्यायचं. मग पर्याय ठरवायचा. बहुतेकांना पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसात चालतं, गोतावळावाल्यांपैकी थोड्यांना मोठ्या डोसात तेही बाधतं, म्हणून तेही तपासून लिहायचं. मोठ्या मुलांसाठी एटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब ही त्याच एन्झाइमच्या दुसऱ्या प्रकारावर नेम धरणारी औषधं आहेत, तीही पहिल्यांदा तुमच्या डोळ्यांसमोरच.

कुणावर ही चाचणी कधीच करायची नाही, हेही सांगायला हवं. औषधानंतर ज्याची कातडी सोलली, तोंडात-डोळ्यांत फोड आले, किंवा काही आठवड्यांनी ताप, पुरळ, सुजलेला चेहरा आणि यकृताचा त्रास एकत्र आला, त्याला ते औषध पुन्हा थेंबभरही नाही. भारतीय औषधसंहिता आयोगाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मेफेनामिक अ‍ॅसिडबद्दल नेमक्या याच उशिरा येणाऱ्या ‘ड्रेस सिंड्रोम’चा इशारा दिला होता. तो इशारा तेव्हा सगळीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, लोक घाबरले, आणि महिन्याभरात विसरले. औषध मात्र आजही ‘तापाची बाटली द्या’ म्हटलं की चिठ्ठीशिवाय मिळतं. हे आमच्या धंद्याचं पाप आहे आणि ते तुमच्या माथी मारण्यात अर्थ नाही. निमेसुलाइड या आणखी एका पेनकिलरवर १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ मध्ये बंदी आली, तरी कुठेतरी घरातल्या मोठ्यांची गोळी अर्धी करून पोराला दिली जातेच.

युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये खास मुलांसाठी या निदानाची दिशा मांडली. तिचा गाभा वर लिहिला आहे तोच : मोठ्यांचे साचे दहा वर्षांखालच्या मुलांना जसेच्या तसे लावू नका, त्यांच्यात संसर्ग आणि खेळणं-धावणं हेही त्रासाला हातभार लावतात, आणि शंका असेल तर देखरेखीखाली देऊन बघा. मोठं होता होता काही मुलांचा त्रास आपोआप जातोही, म्हणून काही वर्षांनी पुन्हा तपासा. म्हणजे खरा शिक्कासुद्धा जन्मठेप नव्हे.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. ओपीडीत साठ मुलं बसलेली, त्यात अर्धा दिवस एका मुलावर कोण घालवणार? आणि चाचणीत खरोखरच त्रास झाला, तर बाहेर बसलेले चार पाहुणे काय करतील याची धास्ती. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण कायदा दारात उभा राहत नाही. म्हणूनच हे काम एकट्या दवाखान्याने करू नये असं मला वाटतं. टाऊन हॉलजवळच्या सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाला, शासकीय मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. तिथे चंदगड-गगनबावड्यापासून कोकणातले आणि सीमाभागातले लोकही येतात. तुम्ही सगळ्यांनी मिळून अधिष्ठात्यांपुढे विषय मांडला, तर एक वार ठरवणं अशक्य आहे का? संशयित मुलं तुम्ही चिठ्ठी देऊन पाठवायची, बालरोग विभागात अतिदक्षता हाकेच्या अंतरावर ठेवून चाचणी करायची, निकाल लेखी तुमच्याकडे परत. माझ्या ओळखीच्या आईबापांना आजवर पुण्या-मुंबईचाच पत्ता मिळाला आहे. ज्याचा रोज उसाच्या फडात बुडतो, तो पापण्यांच्या सुजेसाठी पुण्याला जात नाही. तो लाल ओळ घेऊन जगतो.

आणि त्या ओळीची किंमत फक्त पाळीच्या दुखण्यात नाही. शाहू स्टेडियमवर घोटा मोडून आलेला पोरगा असतो, आखाड्यात खांदा निखळलेला असतो. सांध्यांचा वात असलेल्या मुलांच्या उपचारांची तर सुरुवातच याच औषधांनी होते. फाईल बघून त्यांना ती मिळत नाहीत. मग ताप उतरेना म्हणून घरचे पॅरासिटामॉल वाढवत नेतात. हा धोका मला सगळ्यात जास्त सतावतो, कारण बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचंही सिरप आहे आणि २५० चंही, वर १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स. झाकण तेच, माप तेच, औषध दुप्पट. किलोमागे १५ मिलिग्रॅमचा एक डोस आणि दोन डोसांत किमान चार तास, हे न सांगता ‘पॅरासिटामॉल सेफ आहे’ एवढंच सांगून सोडलं, तर यकृताशी खेळ होतो.

उलट बाजूही आहे. ज्यांना खरोखर गोतावळा बाधतो, त्यांच्या फाईलवर कधी कधी ‘आयबुप्रोफेन नको’ एवढंच असतं. गावातल्या दवाखान्यात ताप उतरायला कमरेत डायक्लोफेनॅकची सुई बसते आणि कुणालाच त्यात चूक दिसत नाही, कारण नाव वेगळं. अशा वेळी पहिली धाव एव्हिल (अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन) आणि डेक्साकडे (स्टेरॉइड) घेतली जाते. श्वास अडकला, मूल मलूल झालं, तर पहिलं औषध अ‍ॅड्रिनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम; २० किलोच्या मुलाला १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या अँप्यूलमधलं ०.२ मिलिलिटर. अँप्यूल स्वस्त आहे, आमच्याकडे असतं, आणि मुदत संपून परत जातं, कारण मागायला फारसं कुणी येत नाही.

दमा असलेल्या प्रत्येक मुलाला आयबुप्रोफेन बंद करायची पद्धतही जरा तपासा. ज्याला आधी ते सोसलेलं आहे, त्याला दमा आहे एवढ्यावरून बंदी घालायचं कारण नाही. अ‍ॅस्पिरिनचा तो जुना दमा मोठ्यांचा आजार आहे. लहानग्यांत तो क्वचित, वयात येणाऱ्या, नाक कायम चोंदलेल्या मुलांत थोडा जास्त. तिथे जरूर सावध राहा.

फाईलवर काय लिहावं, याबद्दल काउंटरवरून दिसतं ते सांगतो. घटकाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, ब्रँड कंसात. किती मिलिग्रॅम दिलं. किती वेळाने काय झालं. सोबत कुठली औषधं होती. ‘संशय’ की ‘चाचणीने पक्कं’. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठलं औषध चालतं. कारण रात्री अकरा वाजता दारात उभ्या बापाला आम्ही काय द्यायचं नाही हे सांगून भागत नाही. हे एका पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर मावतं. लॅमिनेट करून दप्तरात टाकता येतं, शाळेलाही एक प्रत देता येते.

पक्का झालेला प्रत्येक त्रास राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाला कळवायचा असतो. डॉक्टर कळवू शकतात, आम्ही कळवू शकतो, पेशंटचे नातेवाईकही कळवू शकतात. टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. या नंबरचा कागद मी दुकानात लावलाय. तो वाचून विचारणारे पेशंट भेटले, डॉक्टर अजून भेटायचे आहेत. हे थोडं टोचून लिहिलं, राग मानू नये.

जिल्ह्यातल्या औषध विक्रेत्यांकडून काय हवं ते तुम्ही सांगा. चिठ्ठीशिवाय मुलांची ही औषधं न देणं, बाटलीवर घटकाचं नाव मोठ्या मराठी अक्षरात चिकटवून देणं, जुनी बिलं शोधून देणं, एवढं मी माझ्या दुकानापुरतं कबूल करतो, आणि बाकीच्यांपाशी शब्द टाकतो. तुमची बैठक झाली की सीपीआरमधला वार, वेळ आणि खोली नंबर तेवढा कळवा. दिवाळीनंतर मुलांच्या सर्दी-तापाची गर्दी वाढते, त्याआधी ठरलं तर बरं.

कळावे,
आपला,
मंगळवार पेठेतला एक औषध विक्रेता